उत्तर येईपर्यंत झेंडा खाली

मुकुंदा,

तू गेलास आणि माझ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो झेंड्याचा. रडणं, नातेवाइकांना फोन, हॉस्पिटलचे कागद हे सगळं त्याच्या मागून आलं. तुला घरी आणून हॉलमध्ये ठेवलं होतं. तेवढ्यात आपल्या कारखान्यातला भिकन पाटील चार-पाच ऑपरेटरांना घेऊन दारात आला. त्याच्या हातात नवाकोरा तिरंगा होता, घडी न मोडलेला.

"मुकुंदसाहेब झेंड्याचं माणूस होतं," तो मला म्हणाला. "आम्ही त्यांच्या अंगावर घालतो."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. तुझ्या नियमांचा वारसदार मी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं दिसलं. भिकनचे डोळे सुजले होते. शिरपूरकडून पोटासाठी आलेला हा माणूस तुझ्या हाताखाली मशीन खोलायला शिकला. त्याला नाही म्हणायचं माझ्या अगदी जिवावर आलं. पण तिरंगा घातला असता तर तू तिरडीवर उठून बसला असतास आणि सगळ्यांना गेटपर्यंत हाकललं असतंस. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "भिकन, सरकारी इतमामात जातात, सैन्यातले वगैरे, त्यांच्याच अंगावर तिरंगा घालतात. आपल्यासारख्यांच्या नाही. हे मला यानंच शिकवलंय."

"मंग काय घालू?" तो म्हणाला.

आतून सुलभावहिनी आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "शाल घाला. त्याला थंडी वाजायची."

खरंच वाजायची की रे. उमेदीची अर्धी वर्षं जहाजाच्या इंजिनात भाजून काढलेला तू, आणि सिल्वासाच्या जेमतेम थंडीत कानटोपी घालून बाजारात यायचास. भिकननं शाल घातली, पायाकडून नीट दुमडली, आणि तिरंगा तसाच घडीचा परत नेला. मला वाटलं, झेंड्याचं प्रकरण मिटलं. कसलं मिटतंय! तीन दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "अस्थी नाशिकला तर न्यायच्याच आहेत. पण थोड्या दुधनीच्या धरणाच्या पाण्यात सोडायच्या. त्याच्याच बोटीतून. आणि बोट तुम्ही न्यायची."

मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत माझी झोप उडाली. बोट न्यायची म्हणजे झेंडा लावायचा. आणि लावायचा तर किती उंच? पूर्ण वर, की अर्ध्यावर? हा आपला वाद अर्धवट राहिला होता. तू सोईस्करपणे निघून गेलास आणि निकाल माझ्या गळ्यात घातलास.

पण मुळापासून सांगू दे. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतो, कारण तू मला कधी पूर्ण बोलू दिलं नाहीस.

तू आमच्याकडे मेंटेनन्सला आलास तेव्हा मी पर्सोनेलला होतो. मला कळलं की हा पुण्याचा माणूस व्यापारी जहाजांवर इंजिनियर होता आणि नोकरी सोडून धाग्याच्या कारखान्यात आला आहे. मी म्हटलं, याचं डोकं फिरलेलं असणार. पहिल्याच महिन्यात ते सिद्ध झालं. परदेशातून मशीन आलं, त्याची लाकडी खोकी तू मागून घेतलीस. अथालला एक शेड भाड्यानं घेतलीस. मी बघायला आलो तर शेडच्या मधोमध फक्त एक गुळगुळीत तासलेली, पॉलिश केलेली काठी उभी.

"हे काय?"

"बोट बांधतोय," तू म्हणालास.

"ही बोट?"

"ही झेंड्याची काठी. बोट नंतर."

मी तेव्हा इतका हसलो की शेडवाला बाहेर येऊन बघायला लागला. तू मात्र गंभीर. काठी बोटीच्या मागच्या टोकाला, शिडाच्या दांड्याला लागू नये म्हणून जराशी उजवीकडे. त्या काठीच्या मापानं झेंडा, झेंड्याच्या मापानं बोट. जगात अशा उलट्या क्रमानं बांधलेली दुसरी बोट नसेल.

का, ते मला फार नंतर कळलं. जहाजावर तू कायम खाली. वर समुद्र, बंदरं, झेंडे, भोंगे, आणि तू खाली वंगणात. एकदा तुमच्या जहाजाच्या बाजूनं आपल्या नौदलाची युद्धनौका गेली. व्यापारी जहाजानं युद्धनौकेला सलामी द्यायची रीत आहे, ती तू मला शंभरदा समजावलीस: आपला झेंडा हळूहळू अर्ध्यावर आणायचा आणि थांबायचं. समोरची युद्धनौका आपला झेंडा खाली करते, परत वर नेते. तिचं उत्तर आलं की मगच आपण आपला वर घ्यायचा. त्या दिवशी तुमच्या जहाजावरचे सगळे कठड्याशी उभे होते. तू खाली पंपाशी. चहाच्या वेळी कुणीतरी तुला येऊन सांगितलं की फार सुंदर झालं. बस, एवढंच. एवढ्यासाठी तू नोकरी सोडलीस असं मी म्हणत नाही. पण एवढ्यासाठी बोट नक्की बांधलीस.

झेंडा शिवला वहिनींनी. मला वाटलं तिरंगा असेल. तू म्हणालास, छे, व्यापारी जहाजावरचा आपला झेंडा वेगळा: सगळा लाल आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. वहिनींनी तो लाल पॉपलिनवर बसवला, अशोकचक्राचे आरे दोन्ही बाजूंनी भरले आणि शेवटच्या आऱ्याला म्हणाल्या, "यापेक्षा स्वेटर विणला असता तर अंगात तरी घालता आला असता." बोटीला त्यांचं नाव द्यायचं तू सुचवलंस, तेव्हाही त्यांनी तुला उडवून लावलं. "तळाला भोक पडलं की लोक म्हणतील, सुलभा गळते." त्यामुळे बोट शेवटपर्यंत बिननावाची राहिली.

आणि मग तो सोमवार. मला अजून आठवला की हसू आवरत नाही. रविवारी आपण पहिल्यांदा दुधनीला पाण्यात उतरलो, शीड भरलं, झेंडा फडकला. काठावर सुट्टीला आलेली कारखान्याची मंडळी होती. सोमवारी सकाळी मी टाइम ऑफिसात शिरतो तर माझ्या टेबलासमोर भिकन उभा, हात मागे बांधून, चेहरा असा की घरात काही झालंय.

"साहेब, आम्हाले काहीच सांगितलं नाही तुम्ही."

"काय सांगायचं होतं?"

"मुकुंदसाहेबांनी युनियन काढली ना? काल दुधनीले लाल झेंडा लावून फिरून राहिले होते. आमच्या लाइनमधले सारेच विचारून राहिले, वर्गणी कोणाकडे द्यायची?"

मी तोंड उघडायच्या आत फोन वाजला. वापीहून शेठ. "आ लाल झंडा का क्या चक्कर है, भाई? मेंटेनन्सवाला साहेब स्ट्राइक करवाएगा क्या? और तुम पर्सोनेलवाला उसके साथ नाव में बैठा था?"

मी तुला बोलावून घेतलं. तू आलास, आणि खुलासा करायचा सोडून शेठजींना फोनवर झेंड्याचे नियम सांगायला बसलास. सूर्य उगवल्यावर केव्हा लावायचा, मावळताना केव्हा काढायचा, बोटीवर पहिला चढतो तो हा आणि शेवटी उतरतो तोही हाच. शेठ पलीकडून नुसते "हां, हां" करत होते. शेवटी म्हणाले, "मुकुंदभाई, कोने में तिरंगा है ना? तो चलेगा. पर थोडा बडा रखो, लोगों को दिखना चाहिए." आणि तू म्हणालास, "प्रमाण ठरलेलं आहे, शेठजी, ते मला बदलता येणार नाही." माझी नोकरी त्या वाक्यावर लटकत होती आणि तुला प्रमाणाची पडली होती! भिकननं मात्र तिथल्या तिथे मान हलवली. त्याच्या लाइनमध्ये त्यानं जाहीर करून टाकलं की हा झेंडा युनियनचा नाही, दर्याचा आहे. आता तळ्याला दर्या म्हणणं मला पटत नव्हतं, पण शेठचा फोन बंद झाला हे काय कमी होतं?

आपले वाद तर रोजचेच. एकदा मी भिजलेला बनियन त्या काठीवर वाळत घातला. तू बोट वळवलीस, काठाला लावलीस, बनियन काढून माझ्या हातात दिलास आणि परत निघालास. एकदा तळ्याच्या पार पलीकडे गेलो तेव्हा मी म्हटलं, "आता गुजरात लागला. परक्या हद्दीत गेलं की उजवीकडे यजमानाचा छोटा झेंडा लावायचा असतो ना? लाव." तू गंभीरपणे म्हणालास, "दुसरा देश असेल तरच. हा एकच देश आहे, गाढवा." मी म्हटलं, "मग पोर्तुगीज इथे होते तेव्हा त्यांचा लावावा लागला असता." तू विचारात पडलास आणि म्हणालास, "लागला असता." मी म्हटलं, "पण तेव्हा हे धरणच नव्हतं." त्यावर तू चिडलास. तुला निरुत्तर केल्याचं मला फार क्वचित सुख मिळालं, ते असं.

पण तुझं खरं वेड सलामीचं. दुधनीच्या तळ्यावर युद्धनौका कुठून येणार? तू म्हणायचास, जो समोर येईल तो. पर्यटकांना फिरवणाऱ्या छताच्या नावा, मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या, कुणीही. समोर नाव दिसली की तू शिडाची दोरी माझ्याकडे देऊन झेंड्याची दोरी धरायचास, झेंडा हळूहळू अर्ध्यावर आणायचास आणि थांबायचास. नावेतले लोक हात हलवायचे, फोटो काढायचे. नाववाला ओरडायचा, "साहेब, तमारो झंडो नीचे आवी गयो!" एकदा सुरतेच्या एका बाईंनी तर कळकळीनं सांगितलं, "अंकल, आपका झंडा गिर रहा है, पकडिए." तू पकडूनच उभा होतास की! ती नाव लांब गेल्यावर, दिसेनाशी झाल्यावरच तू झेंडा वर घ्यायचास.

"हात दुखत नाही का रे?" मी विचारलं.

"उत्तर आल्याशिवाय वर घ्यायचा नसतो."

"पण येणार नाहीये ना उत्तर. त्यांना माहीतच नाही."

"त्यांना माहीत नाही म्हणून आपण आपली रीत सोडायची का?"

मी कामगारांशी वाटाघाटी करणारा माणूस. समोरचा देत नसेल तर आपण हात आखडता घ्यायचा, हे माझं शास्त्र. तुझ्या तर्कावर कारखाना एक दिवस चालला नसता. पण तळ्यावर तुझ्या शेजारी बसलं की मला वाटायचं, असंही एखादं माणूस असायला हवं.

आणि दर फेरीची शेवटची सलामी वहिनींना. त्या काठावर झाडाखाली खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर ताट, ताटात मटार नाहीतर लसूण. बोट काठाजवळ आली की तू झेंडा खाली करून उभा. त्यांनी वर बघायचं आणि म्हणायचं, "आधी दोरी बांध. आणि बूट भिजवू नकोस." झालं. तू झेंडा तसाच धरून काठापर्यंत यायचास, मग बोट लागल्यावर नाइलाजानं वर घ्यायचास, कारण सूर्य अजून मावळलेला नसायचा. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. तू हसून म्हणायचास, "आमची युद्धनौका फार कडक आहे."

मुकुंदा, एक गोष्ट मी तुला सांगितली नाही, कारण ती माझी नव्हती. आता वहिनींना विचारूनच लिहितोय. एकदा तू बोट धूत होतास आणि मी त्यांच्याबरोबर झाडाखाली चहा घेत होतो. मी सहज म्हटलं, "वहिनी, एकदा उत्तर द्या की त्याला. मान खाली-वर केलीत तरी चालेल त्याला."

त्यांनी लसणाची पाकळी सोलून ताटात टाकली. म्हणाल्या, "हा जहाजावर होता तेव्हा लहानग्या ऋजुताचे आजार, तिची शाळा, माझ्या सासूबाईंचं आजारपण, सगळं मी एकटीनं काढलं. पत्र यायचं तेही बंदरातून. तेव्हा मला कुणी सलामी दिली नाही. आता तळ्यावर तासभर फिरतो, परत येतो आणि झेंडा खाली करून उभा राहतो. त्याला लगेच उत्तर कसं देऊ? राहू दे थोडा वेळ उभा." आणि हसल्या. राग नव्हता रे त्यात. पण हिशेब पक्का होता. तू उभा राहतोस हे त्यांना आवडत होतं, म्हणून त्या तुला उभं ठेवत होत्या. मला हे नवरा-बायकोचं गणित तेव्हा अर्धंच कळलं.

राहिला अर्ध्यावरच्या झेंड्याचा वाद. तुझे ते जुने कॅप्टन गेल्याची बातमी आली आणि त्या रविवारी तू झेंडा अर्ध्यावर ठेवलास. मी म्हटलं, "हे बेकायदा आहे. शोकाचा झेंडा सरकारच्या हुकमानं उतरतो, आपल्या मनानं नाही."

"तो तिरंग्याचा नियम. हा जहाजाचा झेंडा. जहाजावर रीत वेगळी. मालक गेला, कॅप्टन गेला तर झेंडा अर्ध्यावर येतो."

"पण ही बोट जहाज आहे का? ना नोंदणी, ना नाव."

"मग काय आहे?"

"पॅकिंगची खोकी," मी म्हटलं.

तुला ते लागलं. काठावर उतरताना तू इतकंच म्हणालास, "खोकी असती तर बुडाली असती." त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. चहा, पाय दुखणं, ऋजुताची पुण्यातली नवी नोकरी, वासोण्याच्या सिंहांच्या उद्यानात नेलेले पाहुणे, सगळ्यावर बोललो. ही बोट जहाज की खोकी, एवढं मात्र राहून गेलं.

काल रविवार होता. दुधनीला सकाळपासूनच बरा वारा होता. ऋजुता कलश मांडीवर घेऊन पुढे बसली. काठावर भिकन आणि त्याची मंडळी, कुणी टोप्या काढलेल्या, कुणी हात जोडलेले. वहिनी नेहमीच्या झाडाखाली, पण मांडीवर ताट नव्हतं. मी झेंडा बांधायला घेतला. त्या लाल कापडाची मोकळी कड वाऱ्यानं दरवर्षी उसवायची आणि वहिनी दरवर्षी ती कापून पुन्हा शिवायच्या, कारण फाटका झेंडा तुला चालत नसे. त्यामुळे तो आता बराच आखूड झाला होता. तुझ्या लाडक्या प्रमाणाचे बारा वाजले होते. मला एकदम हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदमच, मुकुंदा. ऋजुतानं माझ्याकडे बघितलं आणि तिचीही तीच गत झाली.

मग मी झेंडा आधी टोकापर्यंत नेला आणि तिथून अर्ध्यावर आणला. कळलं ना? वाद तू जिंकलास. पॅकिंगच्या खोक्यांचा मालक गेला म्हणून कुणी झेंडा उतरवत नाही. जहाजाचा मालक गेला म्हणूनच उतरवतात. ऐकायला तू हवा होतास, पण तू असतास तर मी हे कबूल केलं नसतं.

तळ्याच्या मध्यावर ऋजुतानं कलश पाण्यावर धरला. म्हणाली, "बाबा, इथेच राहा," एवढंच. मी शीड सैल सोडलं. बोट जागच्या जागी डुलत राहिली. दोन नावा बाजूनं जात होत्या. त्यातल्या नाववाल्यांनी मोटारी बंद केल्या. तुला ओळखत होते ते.

परत वळलो. झेंडा अर्ध्यावरच होता आणि काठ जवळ येत चालला. झाडाखाली वहिनी दिसायला लागल्या. आणि माझ्या मनात आलं, ही बोट आजवर वहिनींसमोरून सलामी न देता कधी काठाला लागलेली नाही. आज लागली तर? बोट तुझी, बोटीची सलामी तुझीच. मी मधला माणूस, दोरी ओढणारा. आणि अर्ध्यावरच्या झेंड्यानं सलामी देता येत नाही, तो आधी पूर्ण वर न्यावा लागतो, हेही तूच शिकवलेलं. मी ऋजुताला म्हटलं, "सुकाणू धर, सरळ ठेव." आणि मी झेंडा वर नेला. काठावर भिकनची मंडळी गोंधळलेली दिसली. भिकन कुणाच्या तरी कानात काही सांगत होता.

टोकाला नेऊन मी क्षणभर थांबलो. मग हळूहळू खाली आणला, तुझ्यासारखा, दोरीला हिसका न देता. आणि उभा राहिलो.

वहिनींनी बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, आधी दोरी बांधा. पण त्या काही बोलल्या नाहीत. बोट पुढे येत राहिली. माझा हात खरंच दुखायला लागला रे. मनात येऊन गेलं, याच्यासारखं उत्तराशिवाय उभं राहणं मला जमायचं नाही.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. त्यांना बोटीसाठी उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे पाण्याच्या कडेपर्यंत चालत आल्या, चपलांसकट. तिथे ताठ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली, पूर्ण, हनुवटी छातीला लागेपर्यंत. तशाच थांबल्या. आणि मान सावकाश वर घेतली. काठावर कुणालाही काही सांगावं लागलं नाही.

मला दोरी ओढायचं सुचेना. डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं होतं.

"अहो, घ्या आता वर!" वहिनी ओरडल्या. आवाज नेहमीचा, खणखणीत. "त्याला उत्तर मिळालं. आणि परत अर्ध्यावर आणू नका."

मी झेंडा टोकापर्यंत वर नेला आणि दोरी पक्की बांधली.